मागच्या सीटवरची गोधडी

कलबुर्गीच्या सर्व्हिस सेंटरात विनीताबाई आपली गाडी कधी मिळते याची वाट बघून कंटाळल्या होत्या. शेजारच्या सोफ्यावर कमलनगरचे व्यापारी धनराज आणि त्यांची आई कलाबाई. तेवढ्यात मेकॅनिक काखेत गोधडी घेऊन धनराजांकडे आला.

"अण्णा, ही पुन्हा मागच्या सीटवर होती. तिथं खाली जाळी हाय, त्यातनं हायब्रिडची बॅटरी हवा घेती. जाळी झाकली की बॅटरी तापती आन् गाडी बंद पडती."

"ऐकलीस का माय? तिसऱ्यांदा सांगायलाय त्यो. मी काढायलोय, तू टाकायलीस."

"एवढ्या महागाच्या गाडीचं नाक बसायच्या जागंखाली कामून ठिवलंय म्हणते मी?"

"ते ऱ्हाऊ दे. तू गोधडी कामून टाकतीस?"

"सीट पांढरी हाय."

"मळली तर पुसता येती की."

"हे आता म्हणायलास. संतपूरची मावशी तुरीच्या रानातनं आली, तवा काय म्हणलास?"

"काय म्हणलो?"

"लुगडं झटकून बस म्हणलास. तवापासनं गोधडी असली तरच ती गाडीत बसती. न्हाईतर बसनं जाती."

धनराजांनी खिशातून मोबाईल काढला आणि न बघताच परत ठेवला.

"अण्णा, गोधडी डिक्कीत टाकू?"

"पुढच्या सीटखाली जाळी हाय का?"

"न्हाई."

"मग पुढं टाक. मावशी आता माझ्या शेजारी बसंल."

"ते मला नको सांगू," कलाबाई म्हणाल्या. "संतपूरला जाऊन तिला सांग."