सासूबाईंनी अडवलेला टँकर

चहा निवला तरी चालेल, पण आमच्या सोसायटीत परवा काय झालं ते ऐकाच.

पर्वत पाटियाजवळच्या आमच्या आवारात पालिकेने पाणी जिरवणारे नवे ब्लॉक बसवले. मी सेक्रेटरी, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून इंजिनियरसाहेबांशेजारी उभा. साहेब म्हणाले, "आता टँकरभर पाणी ओतून दाखवतो. एक थेंब साचणार नाही."

पाईप सुरू झाला आणि माझ्या सासूबाई धावत आल्या. त्या लातूरकडच्या, चार दिवस राहायला आलेल्या. "अहो, चांगलं पाणी मातीत घालता? जावईबापू, बघताय काय, बादली आणा!"

आणली. काय करणार! मला बघून सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन उतरली. पाईपसमोर रांग लागली आणि ब्लॉक कोरडेच राहिले.

गुजराती साहेबांनी हात जोडले. "मासी, हे पाणी वाया नाही जात. खाली मुरतं, मग बोअरला येतं."

"असं होय! मग आधी नाही का सांगायचं?" सासूबाईंनी भरलेली बादली ब्लॉकवर उपडी केली. पाणी गडप! टाळ्याच टाळ्या! मग सगळ्यांनीच धडाधड बादल्या ओतल्या. साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, तरी ते खदाखदा हसत होते.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "साहेब, हे पाणी आमच्या गावच्या बोअरला कधी पोचेल?"

"मासी, तुमचं गाव फार लांब आहे."

"मग जावईबापू, अजून दोन बादल्या ओता!"