दरवाजातला राजा

(क्योटो. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या मुगुरुमाबाईंचं दुकान. समोर इतिहासात डॉक्टरेट करणारा इसोबे.)

इसोबे : खोटारडाच होता तो, मुगुरुमासान! चार वर्षं त्याची रोजनिशी वाचतोय मी.

मुगुरुमा : हळू. त्याचंच पान ओलं आहे, तुमच्या श्वासानंसुद्धा फाटेल.

इसोबे : क्योहो शकाचं विसावं वर्ष, म्हणजे १७३५. तिसरा महिना, एकविसावा दिवस. सम्राटांनी गादी सोडली, सगळा दरबार सोहळ्यात. आणि हा दरबारी बासरीवाला त्याच तारखेला लिहितो, 'आज बागेत महाराजांसमोर वाजवलं. दोघंच होतो.' दोघंच! त्या कारकिर्दीबद्दल या माणसाचं काहीही खरं मानू नका, हाच माझा प्रबंध. सोमवारी जमा करायचाय.

मुगुरुमा : छान. चहा-भात खाणार का?

इसोबे : क्योटोत याचा अर्थ 'आता उठा' ना? ओसाकाचा असलो तरी एवढं कळतं हो.

मुगुरुमा : नाही, खरंच विचारतेय. बसून ऐकावं असं आहे. 'तिसरा महिना'च्या वर किडीचं भोक आहे बघा.

इसोबे : माहितीये. फोटोत काळा ठिपका दिसतो.

मुगुरुमा : फोटोत. आता दिव्यावर धरलंय, भोकाच्या कडा बघा.

इसोबे : दोन्हीकडे... उभ्या रेघा?

मुगुरुमा : 'दरवाजा' या अक्षराचे खांब. मधलं अक्षर किडीनं खाल्लं. दरवाजात कोण उभा असतो?

इसोबे : राजा. 'दरवाजा'त 'राजा' लिहिला की होतं 'अधिक' महिन्याचं अक्षर... अरे देवा. अधिक तिसरा महिना!

मुगुरुमा : होता का त्या वर्षी?

इसोबे : होता! पाठ आहे मला! पण पानं सुटी झालेली, मी हे नेहमीच्या तिसऱ्यात लावलं. आणि अधिक महिना आमच्याकडे नेहमीच्या नंतर येतो, म्हणजे गादी सोडल्यावर महिन्याभरानं वाजवलं त्यानं. किडीनं राजा खाल्ला, आणि खोटारडा मी बासरीवाल्याला ठरवलं.

मुगुरुमा : हं.

इसोबे : हे... आणखी कुणी पाहिलंय?

मुगुरुमा : तुम्ही आणि मी. दुपारी मागून अस्तर लावणार. मग दिव्यावर धरूनही दिसायचं नाही.

इसोबे : (पानावर पुन्हा वाकून) आज दुपारीच?

मुगुरुमा : अस्तरासाठी खळ घोटायला घेऊ?

इसोबे : थांबा. आधी नीट फोटो काढू द्या. मग सरांना फोन करतो, सोमवारचं रद्द म्हणून. ओरडतील.

मुगुरुमा : ओरडू देत. भात वाढते.

इसोबे : पण गादी सोडून महिना झालेला ना, मग अजून 'महाराज'च का लिहितो हा? तिथंच फसलो मी.

मुगुरुमा : आमच्या मालकांनी हे दुकान माझ्या हाती सोपवलं, त्याला बारा वर्षं झाली. फोन आला की मी अजून सांगते, मालक जरा बाहेर गेलेत.