जावयाची साखरझोप

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच उत्तर देणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.

प्रश्न असा. एक माणूस झोपलाय. सूर्य वर आलाय, आणि हा झोपलाय. त्यानं कुणाचं काही घेतलेलं नाही, कुणाच्या वाटेत तो आडवा आलेला नाही, आपल्या अंथरुणातच आडवा आहे. मग त्याच्या दारावरून जाणाऱ्याच्या पोटात कशानं दुखतं? झोप त्याची, पोट याचं! आणि दोघांत देवाचा अपराधी कोण? झोपलेला, का पोट दुखणारा?

तुमच्या मनात उत्तर तयार आहे, मला दिसतंय. राहू द्या तसंच. विणेकरी, तुमचे डोळे मिटलेत. ते नामात मिटलेत असं मी धरून चालतो.

तर ऐका. निंबखोरी नावाचं गाव. गावात नारायणाचं देऊळ. कार्तिक लागला की तिथं रोज पहाटे काकडा, म्हणजे देवाला उठवायची आरती. ती सगळीकडेच असते. पण निंबखोरीची रीत निराळी. जो देवळात सगळ्यांच्या आधी येईल, काकड्याची वात त्याच्या हातानं पेटायची. त्यानं पेटवल्याशिवाय आरती उभी राहायची नाही. भक्ती वाढावी म्हणून कुण्या भल्या माणसानं घातलेली रीत. भल्या माणसांनी घातलेल्या रिती फार जपून वापराव्या लागतात, मंडळी!

हा मान वर्षानुवर्षं केरबा धुमाळाचा. केरबाची बायको वारलेली, मुलगा नाही, एकुलती एक लेक कौसा. तिच्यासाठी घरजावई आणला, मुकिंदा. मुकिंदा शेतात राबायला वाघ. बैलाला शिवी द्यायचा नाही, सासऱ्याला उलटून बोलायचा नाही. फक्त सकाळी उठायचा नाही.

त्याचं झोपणं नीट सांगतो, कारण पाप असेल तर ते तिथंच असणार. पहाटे त्याला एकदा जाग यायची. ही जाग फार महत्त्वाची! जाग आल्याशिवाय आपण झोपलोय हे कळायचं कसं? बाहेर कार्तिकाची थंडी. लोक कुडकुडत ओढ्याला अंघोळीला निघालेले. त्यांची पावलं हा ऐकायचा, वाकळ नाकापर्यंत ओढायचा, पाय पोटाशी घ्यायचा, आणि परत! रात्रीची झोप काय, गुरांनाही येते. ही दुसरी, ही साखरझोप. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा यायचा, आधी पायावर, मग गुडघ्यावर, मग पोटावर. हनुवटीला टेकला की मुकिंदा उठायचा. तोवर तो झोपेत हसायचा.

आणि तिथंच घोटाळा झाला.

"झोपावं," केरबा ज्ञानू लोहाराला म्हणाला. "झोपण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हसावं कशाला?"

ज्ञानूचं घर देवळाला लागून. केरबाचा लहानपणापासूनचा सोबती, म्हणजे वैरीच. तो म्हणाला, "आतल्या गाठीचा दिसतोय. रात्री काय करतो?"

"रात्री झोपतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी पण झोपतो."

"मग दिवसा?"

"दिवसा काम करतो. चोख करतो."

ज्ञानूनं भाता थांबवला. "म्हणजे काहीतरी आहेच," तो म्हणाला.

बघा हं! चोरी सापडली असती तर सुटले असते बिचारे. काहीच सापडेना, म्हणून संशय पक्का झाला.

अशात एका पहाटे केरबा देवळात पोचला, तर ज्ञानू आधीच दारात. हातात काकडा. पेटलेला! केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या पहाटे तो आणखी लवकर उठला, तर ज्ञानू तिथंच. आणखी लवकर उठला, तरी ज्ञानू हजर. आता केरबा कधी उठतो हे ज्ञानूला कळतं कसं? घरातून कुणीतरी वर्दी देतंय. कोण? कौसा तर पोटची पोर. मग उरला कोण?

उरला तो, जो झोपलाय!

केरबानं परीक्षा घेतली. जावयाच्या नाकाशी कांदा फोडला. मुकिंदा हसला. कानाशी टाळ वाजवले. मुकिंदा कुशीवर वळला आणि टाळांच्या ठेक्यावर घोरायला लागला. केरबानं निकाल दिला: "खरा झोपलेला माणूस एवढा झोपत नाही. हे सोंग आहे."

त्या दुपारी शेतात बांधावर भाकरी सोडली. कौसा वाढत होती. केरबा म्हणाला, "जावईबापू, तुमचं पोटात एक, ओठात एक आहे. ते मला चालायचं नाही. पुनवेच्या काकड्याला माझ्या आधी देवळात दिसा. नाही दिसलात, तर तुमचं गाठोडं बांधा आणि तुमच्या गावी जा."

"आणि मी, आबा?" कौसानं विचारलं.

"तू माझी लेक आहेस. तू इथंच राहायचं."

"बरं," ती म्हणाली आणि बापाच्या भाकरीवर कांदा न ठेवताच उठली.

इथं मंडळी, आख्यान गंभीर झालं. हसायचं नाही. एका झोपेपायी एक संसार मोडायला निघालाय.

आणि शर्यत तर थांबलीच नव्हती. ज्ञानू कोंबड्याच्या आधी, तर केरबा ज्ञानूच्या आधी. गावाला संशय आला की हे दोघं आपलं पुण्य लुटतायत. मग सगळं गावच त्यांच्या आधी. निंबखोरीच्या कोंबड्यांनी आरवणं सोडलं. उठवायचं कुणाला? काकडा सरकत सरकत असा मागं आला, की एकदा तात्या गुरव शेजारती आटोपून, देवाला निजवून बाहेर येतात, तर पायरीवर सगळं गाव काकडा घेऊन उभं.

तात्या म्हणाले, "अरे, देवाच्या अंगावर अजून शाल घालायची आहे. उठवता कुणाला?"

"तुम्ही घाला शाल," केरबा म्हणाला. "आम्ही थांबतो."

आता दिवसा गावाची काय कळा! न्हावी अर्धी दाढी करून डुलकी घ्यायचा. गिऱ्हाईक त्याच्या आधी डुलकी घ्यायचं. केरबा नांगरामागं उभ्याउभ्या झोपला आणि बैलांनी शेजाऱ्याचं रान नांगरून दिलं. सगळ्या गावात टक्क डोळ्यांचा माणूस एकच, मुकिंदा. त्यामुळं तर तो फारच संशयास्पद दिसायला लागला!

पुनव उद्यावर आली. कौसानं संध्याकाळी गाठोडं बांधलं. एक नाही, दोन. मग नवऱ्याला म्हणाली, "उद्या तुम्ही उठणार नाही, ते मला ठाऊक आहे."

"प्रयत्न करीन," मुकिंदा म्हणाला.

"नका करू. तुमच्याच्यानं व्हायचं नाही, आणि उगाच झोपमोड. वाकळ घ्या."

आणि दिवेलागणीला तिनं त्याचं अंथरूण देवळात, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन घातलं. मुकिंदा आडवा झाला. शेजारतीची घंटा त्याच्या डोक्यावर वाजली. तात्या गुरव त्याला ओलांडून देवाला निजवून आले. बाहेर येताना त्याची वाकळही सारखी केली. सवयीनं.

थोड्याच वेळात केरबा धावत आला. मागं ज्ञानू. मागं गाव.

"हा कधी आला?" केरबानं विचारलं.

"दिवे लावत होतो तेव्हाच," तात्या म्हणाले.

"पण हा उठून आला नाही."

"मान आधी आलेल्याचा असतो, केरबा. उठलेल्याचा असतो असं माझ्या बापानंही कधी सांगितलं नाही."

पेच पडला. काकडा मुकिंदानं पेटवायचा, आणि मुकिंदा झोपलेला. केरबानं हलवलं. ज्ञानूनं हाका मारल्या. कुणी शंख फुंकला. मुकिंदा हसला. शेवटी तात्या म्हणाले, "मानकऱ्याला धक्काबुक्की करता येत नाही. उठेल तेव्हा उठेल. बसा."

गाव बसलं. बसलेला माणूस टेकतो. टेकलेला कलंडतो. आणि इतक्या रात्रींची थकलेली माणसं, मंडळी... खांबापाशी एक गेला, तुळशीपाशी दुसरा. केरबाचं डोकं ज्ञानूच्या मांडीवर, ज्ञानूचा हात केरबाच्या पागोट्यावर. नारायणाच्या दारात सगळी निंबखोरी घोरू लागली, आणि आत देवाला कार्तिक लागल्यापासून पहिल्यांदा पोटभर झोप मिळाली!

ऊन सभामंडपात आलं. मुकिंदा उठला. आळस दिला. बघतो तर सगळं गाव भोवती आडवं पडलेलं. त्या बिचाऱ्याला पहिल्यांदाच आयुष्यात संशय आला. "ही माणसं," तो सकाळी आलेल्या कौसाला म्हणाला, "रात्रभर करतात तरी काय?"

काकडा लख्ख उन्हात पेटला. आरती झाली. लोकांचे चेहरे कसे, धुतल्यासारखे! ज्ञानू तर इतका निवला होता की खरं बोलून गेला.

"केरबा, जावयाला कशाला धरतोस? मला वर्दी तूच देत होतास."

"मी?"

"तू उठलास की ओसरीवर येऊन केवढ्यानं खाकरतोस! सगळ्या आळीला कळावं, केरबा उठला म्हणून. ते ऐकलं की मी उठायचो. माझं घर देवळाला लागून, तुझ्या आधी पोचायचो."

 कौसा दोन्ही गाठोडी घेऊन पायरीशी उभी होती. केरबा तिच्याजवळ गेला, गाठोड्यांकडे बघितलं, जावयाकडे बघायचं धाडस झालं नाही. म्हणाला, "घरी ने ती. उचलायला जड आहेत, मीच घेतो." आणि दोन्ही खांद्यावर टाकून पुढं चालू लागला.

दुसऱ्या पहाटे केरबा सवयीनं उठला. ओसरीवर आला. घशाशी खाकरा आला. आत जावई झोपलेला. केरबा थांबला, एकदा दाराकडे बघितलं, आणि मंडळी, त्यानं तो खाकरा गिळला! डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. मग चपला हातात घेऊन अंगणातून बाहेर पडला.

तो कितवा पोचला देवळात? कुणाला माहीत! त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

आता तुमच्याकडे वळतो. पहाटे उठणं चांगलं, उठा. पण उठल्यावर आपण देवाकडे बघतो, का शेजाऱ्याच्या बंद दाराकडे? आज इथं येऊन किती जणांनी आधी मान वळवून बघितलं, कोण आलं नाही ते? हात वर करू नका. मला दिसले होते सगळे.

उद्या पहाटे काकड्याला याल. वाटेत एखादं दार लावलेलं असेल. आत कुणी दमलेलं असेल, कुणी नुसतंच सुखात असेल. चौकशी करू नका. टाळ छातीशी धरा, वाजू देऊ नका. देवळात आलात की मग वाजवा, हवे तेवढे. नारायण, नारायण... हळू म्हणा. विणेकरी खरंच झोपलेत.