निळं जरा लांबवता येईल का

हॅलो?… नाही ओळखलं त्यांनी.

…काही नाही. मी? मी कुठे काय म्हणालो?… अगं, लाइनमध्ये खरखर आहे. तू बोल, कशी आहेस?

…आई ठीक आहे. एकदम ठीक. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर इतके खूश आहेत, की आपल्या घरात त्यांच्याइतकं खूश कोणीच नाही.

…हो, पापण्यांचंच. वरच्या, दोन्ही डोळ्यांच्या… नाही, मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू तू दाजींना सांगितला होतास… तूच, ताई. 'या वयात चेहरा करून घेतेय म्हटलं तर सासरी कुठलं तोंड दाखवू?' म्हणालीस. मग तुझं तोंड राहावं म्हणून आम्ही आईचं लपवलं.

…दिसते कशी? अं… दाजी शेजारी बसलेत का?… बरं. तर वांग्याला डोळे आले तर कसं दिसेल, तशी. म्हणजे दोन वांगी, आणि मध्ये आई. कालपासून कडेला पिवळी छटा आलीये. आधी निळं, मग हिरवं, मग पिवळं. बिघडलेल्या सिग्नलसारखं आहे सगळं, पण डॉक्टर म्हणतात पिवळं आलं म्हणजे उतरायला लागलं.

…हो, टाके आज सकाळी काढले… मलम लावतो. थेंबही घालतो… झोप? दोन उशा टेकून, अर्धी बसून. आणि डोळे अजून पुरते मिटत नाहीत, पांढरी फट दिसत राहते. काल दुपारी मी नाकापुढे बोट धरून बघितलं. तर म्हणाली, 'आहे अजून. जा.'

…नाही गं, तसं होतं. कातडी ताणलेली असते सुरुवातीला. एक डोळा मोठा दिसतोय, तेही होतं. सूज काय दोघांना विचारून उतरत नाही. खरा आकार दिसायला कित्येक महिने जातात… हो, हो, हे सगळं आधी सांगितलं होतं त्यांनी. अगदी सावकाश, चित्र काढून. आईनं मान डोलावली. तिची मान तुला माहितीये. मान डोलावते आणि मनातलंच करते.

…मग कशाला केलं? अगं, तेच… ऐक ना. ऐक… ते पापणी डोळ्यावर येते, नीट दिसत नाही, असं जे तुला सांगितलं होतं ना… ते त्या मोतीबिंदूच्याच जातीचं होतं.

…हॉलमधला फोटो आठवतो? लग्नानंतरचा, होडीतला… तोच. बाबा रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहतात. 'ही आमची मिसेस,' अशी मला ओळख करून देतात. मी नमस्कार करतो… रोज. आता तर एखाद्या दिवशी राहून गेलं तर मलाच चुकल्यासारखं होतं. आणि आई मध्ये आली की तिला म्हणतात, 'बाई, जरा बाजूला व्हा. मिसेस झाकल्या जातायत.'

…नाही सांगितलं तुला. कधी सांगणार? तुझा अर्धा फोन 'ऐकू येतंय का' मध्ये जातो… बरं, सॉरी.

…तर आईनं तो फोटो भिंतीवरून काढला, पिशवीत घातला आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. 'असे करून द्या.'… हो, माझ्यासमोर… डॉक्टर बरा माणूस आहे गं. फोटो दोन्ही हातांत धरून बघितला. म्हणाले, 'मी पापणीवरची जास्तीची कातडी काढतो. डोळ्यांवरचं ओझं जाईल. फोटोतली बाई परत येणार नाही.' आई म्हणाली, 'सगळी नको. डोळ्यांपुरती आली तरी पुरे. हे डोळ्यांत बघूनच बोलायचे.'

…ताई?… आहेस ना?… घे, नाक पुसून घे. मी थांबतो.

…मी कसं अडवणार? मला घरात अधिकार काय? मी कारकून आहे… अगं, बाबांचा! आवक-जावक विभागात नवीन लागलेला. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण ऑफिस घरीच भरतं. मी रजा मागितली होती एकदा. नामंजूर. शेरा काय, तर 'कामात अद्याप गती नाही.'

…घरी आल्यावर ना? आईनं काळा चष्मा लावला. घरात काळा चष्मा! बाबांना वाटलं, वरून कोणीतरी मोठी बाई तपासणीला आलीये. ती खोलीत शिरली की उठून उभे राहायचे. ही बसा म्हणायची, ते बसायचे नाहीत. हिचे गुडघे दुखतात म्हणून ही बसायची, ते समोर ताठ. मग परवा दूध बघताना चष्म्यावर वाफ धरली. तिनं तो काढला, आणि बाबा समोर.

…होतो ना, दारातच होतो. आईनं मान वर केली. केस मागे सारले. फोटोत हात कसा होडीच्या काठावर ठेवलाय, तसा ओट्याच्या काठावर ठेवला… मुद्दाम, हो. तिकडे दूध उतू चाललंय, आणि ही होडीत बसलीये.

…बाबांनी बघितलं. बराच वेळ. जवळ आले, अगदी जवळ. मला वाटलं आता… नाही.

म्हणाले, 'नवऱ्यानं मारलं?'

…हसू नकोस… मीही हसलो. मग आईकडे बघितलं.

…ती म्हणाली, 'नाही हो.' ते म्हणाले, 'सगळ्या आधी हेच म्हणतात.' आणि तिचा हात हातात घेतला. ताई, गेलं वर्षभर त्यांनी कोणाला हात लावू दिलेला नाही. अंघोळीला न्यायचं तरी काठीचं एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. आणि हिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणतात, 'बाई, घाबरू नका. खरं काय ते सांगा.' आणि आई…

…अगं ऐक तर. आई म्हणाली, 'हो.'

…हो म्हणाली! 'मारतो.'… मला काय विचारतेस, मी धावत जाऊन उतरवलेलं दुधाचं पातेलं धरून उभा होतो!… खोटंच गं. बाबांनी आयुष्यात माशी मारली नाही, तीही खिडकी उघडून बाहेर पाठवायचे… नाही कळलं तुला? नाही म्हणाली असती तर हात सोडला असता त्यांनी.

…तेव्हापासून तिच्याजवळच आहेत. खुर्ची ओढून. फ्रीजरमधली मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून स्वतः डोळ्यांवर धरतात. मी थेंब घालायला गेलो की, 'हळू. माणूस आहे ती, फाइल नाही.' आणि फोटोलाही सांगून आले, की एक गरजू बाई काही दिवस इथे राहील. मला म्हणाले, 'मिसेसची हरकत नाही. मोठ्या मनाची आहे.' आई मागे उभी होती… काय म्हणणार? म्हणाली, 'भाग्यवान आहात.'

…आणि त्या नवऱ्याला काय काय बोलतात! नालायक, बेजबाबदार, 'अशी बायको सोडून हा माणूस गेला तरी कुठे?' आई म्हणते, 'तसा वाईट नव्हता हो.' की चिडलेच. 'त्याची बाजू घेऊ नका!'

…सुखात? आता याला काय म्हणायचं… होती, काल दुपारपर्यंत. मग आरशात ते पिवळं दिसलं तिला. तेव्हापासून बर्फ लावू देत नाही. मटार शिजवून टाकले. औषध होतं ते आपलं, आम्ही जेवलो. आणि सकाळी टाके काढताना डॉक्टरांना विचारते, 'निळं जरा लांबवता येईल का?'

…काय म्हणणार ते? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाले, 'नाही हो. ते उतरणारच. सगळ्यांचं उतरतं.' इतकी चांगली बातमी कोणी इतक्या वाईट चेहऱ्यानं ऐकली नसेल.

…खरं सांगून टाकू? 'बाबा, तो नवरा तुम्हीच'?… सांगितलं, ताई. आईनंच, काल रात्री जेवताना. 'अहो, तुम्हीच की ते.'… नको विचारूस. हात सोडला. उभे राहिले. 'मी? मी बाईमाणसावर हात उचलला?' ताट सरकवलं, भिंतीला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. शेवटी आईच म्हणाली, 'नाही नाही, माझंच चुकलं. तुम्ही कसे असाल? तो वेगळा.'… हो. आता तो वेगळा आहे. तसंच ठरलंय घरात.

…ये ना. ये, पण बाबांसाठी येऊ नकोस, आईसाठी ये. तुला बहुतेक इन्स्पेक्टर करतील, जागा रिकामी आहे… आणि तिला म्हण, छान दिसतेस. खरंच दिसते गं. सूज उतरलेल्या बाजूनं बघितलं ना, तर डोळा असा मोकळा, टवटवीत… कोणीतरी बघायला हवा तो.

…आलो, साहेब!… तुला नाही, बाबांना. तक्रार लिहायची आहे… पोलिसांत. कालपासून मजकूर चाललाय, तीनदा खोडला. पहिल्यात म्हणे भाषा सौम्य होती… अगं, पाठवतोय कुठे?… आई शेजारीच बसलीये. तिचा हात धरूनच सांगतात ते, म्हणून पॅड मला धरावं लागतं… थांब, ठेवू नकोस, फोन खांद्यात धरतो.

हो साहेब, सांगा… 'उपरोक्त विषयास अनुसरून'… लिहिलं… 'सदर महिला तूर्त आमच्याकडे सुरक्षित असून'… असून… हो साहेब, अक्षर सुधारतो… 'तिच्या डोळ्यांवरील इजा बरी होत आली आहे. तथापि'… ताई, जरा हळू रड, मला इकडचं ऐकू येत नाही… 'तथापि' झालं, साहेब. पुढे?…

'तरी सदर महिलेच्या पतीचा तातडीने शोध घेऊन, तो जेथे असेल तेथून त्यास आणून तिच्यासमोर हजर करण्यात यावे, ही विनंती.'