आडोशातून न आलेलं वाक्य

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या सांता इनेस गावच्या प्रमुख, कपितान कोराझोनबाई, आदरणीय पाद्रे, मनिलाहून मुद्दाम आलेला नामवंत नाटककार, म्हणजे आपला फिलेमोन, आजची सत्कारमूर्ती म्हणजे त्याची आई तिबांग, आणि मघापासून भाजलेल्या डुकराच्या वासाकडे तोंड करून बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

बावन्न उत्सव प्रॉम्प्टरच्या आडोशात बसून तिबांग आज बाहेर येते आहे. संताला नवस म्हणून बोललेलं आपलं नाटक तिच्या आवाजावर चालत आलं. आपला नट पाठांतर करत नाही. आडोशातून वाक्य येतं, तो ते म्हणतो. नाही आलं, तर खांबासारखा उभा राहतो.

नव्या रंगमंचाला तिबांगच्या वडिलांचं, तिच्याआधी आडोशात बसून नाटक चालवणाऱ्या माएस्त्रो एर्मोंचं नाव द्यायचं ठरलंय. फिलेमोनही मघाशी म्हणाला, की त्याच्या गाजलेल्या नाटकाचं शेवटचं वाक्य आजोबांच्या वहीतलं आहे. वहीत आहे, अक्षरही त्यांचंच आहे. पण बाळा, ते वाक्य आधी मी ऐकलंय.

तिबांगच्या पहिल्या उत्सवाच्या वर्षी माएस्त्रोंचा घसा बसला होता. सगळं नाटक तोंडपाठ एकोणीस वर्षांच्या तिबांगला, म्हणून आडोशात ती बसली. मी ख्रिस्ती राजपुत्र. समोर गुडघे टेकून दरवर्षी माझ्या हातून मरणारा मूर, म्हणजे मुसलमान राजपुत्र, नदीपलीकडचा बदकं पाळणारा क्रिस्पुलो. तलवार उगारली. आता ‘घे हा घाव’ यायला हवं होतं. येईना. हात भरून आला. मी हळूच म्हटलं, "तिबांग, वाक्य दे की."

वाक्य आलं, पण क्रिस्पुलोला. "मार, राजपुत्रा. पण माझ्या आईला सांगायला तूच जा."

बायकांच्या रांगेतून हुंदके आले. कुणी म्हातारी ओरडली, "गाउदेन्स्यो, मारलंस तर घरी जेवायला येऊ नकोस!" ती माझीच आई होती. मग आडोशातून मला आलं, "ऊठ, भावा." मी म्हटलं. दुसरं काय करणार होतो? माएस्त्रो पहिल्या रांगेत गळ्याला फडकं गुंडाळून हातवारे करत होते, पण आवाज कुठला फुटतोय?

घरी त्यांनी पाटीवर लिहिलं, "संताचा नवस मोडलास." तिबांग म्हणाली, "बाबा, दरवर्षी तोच खून बघून संतही कंटाळला असेल."

माएस्त्रोंनी महिनाभर अबोला धरला आणि मग ते ‘ऊठ, भावा’ स्वतःच्या हाताने वहीत शेवटी उतरवलं. वर म्हणाले, "पुढच्या वर्षीही तूच बस. चुका निदान घरातल्या राहतील."

आणखी एक. माएस्त्रोंनी तिबांगसाठी मला बघून ठेवलं होतं. त्या दुपारी मला कळलं, ही नेमकं कुणाला मरू देणार नाही ते. वाईट वाटलं का? वाटलं. वर्षभर बदकाचं अंडं खाल्लं नाही.

फिलेमोन, असा खाली बघू नकोस. तुझ्या घराण्यातला पहिला नाटककार तुझ्या शेजारी बसलाय आणि मघापासून मागून माझा सदरा ओढतोय. म्हणतेय, "गाउदेन्स्यो, विषय बदल. बाबांचं नाव राहू दे."

कपितानबाई, रंगाऱ्याला थांबवा. नव्या रंगमंचाच्या पाटीवर तिबांगचं नाव येऊ द्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, फार आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. बावन्न वर्षं ही बाई सांगेल तेच बोललो. आज पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही.