निमाताईंची सिकाई

मी मूळची आर्वीकडची, वर्धा जिल्ह्यातली. लग्न झालं आन् नवऱ्यासंग लखनौले आली, त्याईची नोकरी मानक नगरात, रेल्वेची. इथंच मी टेक्निशियनचा कोर्स केला, वीसेक वर्षं झाली, रेडिओथेरपीच्या मशीनवर उभी हाये. कॅन्सरच्या पेशंटले किरणं देतो ना आम्ही, इथले लोक त्याले सिकाई म्हणतात. घरात पोरगी मराठी समजते पण जवाब हिंदीतच देते, तरी मी आपली मराठीतच बोलते.

काय सांगू तुम्हाले, निमाताई आल्या तेव्हा मी दुसऱ्या मशीनवर होती. ओरडणं ऐकू आलं, मले गाडून राहिले हो, मले गाडून राहिले. बाकीच्याईले काय समजणार? मी धावली.

नागपूरच्या बाई, सत्तरी पार. मुलगा हवाई दलात, त्याची बदली इथं. गालाचा कॅन्सर, वरतून डिमेन्शिया, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. सून रितू इथल्याच निशातगंजची, जिवापाड करायची, पण तिले मराठी येत नाही आन् निमाताई हिंदी विसरून चाललेल्या. आन् आमचा तो जाळीचा मास्क, चेहरा हलू नये म्हणून घट्ट बसवून टेबलाले अडकवतात, चांगल्या माणसाचाही जीव घाबरते. त्याईनं ओरबाडून काढला.

दुसऱ्या दिवशीही तेच. रोज भूल द्याची तर हृदय कमजोर. डॉक्टर म्हणाले, दो दिन और देखते हैं, फिर बंद. बंद म्हणजे काय ते मी पाह्यलं हाये, गाल फुटते, गिळणं जाते. मी म्हटलं, सर, सकाळचा पहिला नंबर इनको दीजिए, और रोज मैं ही करूँगी. ते म्हणाले, बाहर भीड़ देखी है? म्हटलं, बीस साल से देख रही हूँ सर. त्याईनं पहिला नंबर दिला.

मास्क डोळ्यांपुरता कापून घेतला, किरणांचा हिशेब पाहणाऱ्या फिजिक्सवाल्यांनी तपासून हो म्हटलं तेव्हाच. आधी त्याईच्या मांडीवर ठेवला, निमाताई, गालाची दवा हाये, हात लावून पाहा, जाळीच हाये. बसवू दिला हो! पण किरणं सुरू असताना खोलीत कोणी थांबत नाही, आम्ही बाहेरून माईकवर बोलतो. दार लागलं, मी म्हटलं, मी इथंच हाये, तर त्या दचकल्या, कोण बोलून राहिलं, कोण? कॅमेऱ्यात पाह्यलं, हात वर. मशीन थांबवली. तोही दिवस गेला.

मग कॉरिडॉरमध्ये मुलाले विचारलं, आई काय करायची? तो म्हणाला, टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, तीस वर्षं. अच्छा, म्हटलं.

डॉक्टरांनी दिलेला शेवटचा दिवस. दार लागलं, आन् मी माईकवर म्हटलं, हॅलो, नागपूर एक्सचेंज? निमाताई आहेत का? आवाज आला, एकदम खणखणीत, हाव, बोला. म्हटलं, आर्वी लावून देता का? त्या म्हणाल्या, लावते, लाईन लागेपर्यंत बोलू नका. आन् गप्प. हात दोन्ही बाजूले, निवांत. मी बटण दाबलं. त्या दिवसाची सिकाई पुरी झाली, हो, पुरी.

मग रोज तोच फोन. स्टाफमधलं कोणी म्हणालं, नाटक करते. मीही रात्री विचार केला, खोटं बोलते का मी? पण मास्क लावताना रोज गालाची दवा हाये हेच सांगितलं, फसवून कधी टेबलावर झोपवलं नाही. काही दिवशी जमलं नाही, आई कुठं हाये विचारत रडल्या, तेव्हा उतरवलं, रितूनं पाणी पाजलं, दुपारी पुन्हा केलं. त्या फोनानंतर एकही सिकाई सुटू दिली नाही मी.

सगळ्या सिकाया झाल्या, गालाची गाठ विरली. आता तपासणीले येतात, मले वळखत नाहीत, दर वेळी विचारतात, तुम्ही कोण हो? दर वेळी सांगते. वाईट वाटत नाही म्हणणार नाही, पण जेवतात नीट, गिळता येते, अजून काय पाहिजे.

आता आमच्या फॉर्मवर तीन रकाने वाढले, पेशंट काय काम करायचे, कोणती भाषा, काय म्हणून हाक मारायची. सरांनी स्वतः सही केली. उद्या सकाळी आठले जुन्या लखनौतल्या चौक मोहल्ल्यातले एक शिंपी हायेत, कोणाले हात लावू देत नाहीत. बायको सांगून गेली, त्याईले मास्टरजी म्हटलेलं आवडते. गुडघे दुखतात माझे, नोकरीची थोडी वर्षं बाकी, पण मास्टरजींचं मीच करणार. तुमच्याही घरच्या म्हाताऱ्याईले असं विचारून हात लावणारं माणूस भेटो, बस.