शिडांच्या खोलीची कडी

आई : ढकलून काही होणार नाही. कडी बाहेरून पडली आहे.

मुलगा : पडली म्हणजे? बाहेर कोणीच नाही.

आई : खलाशी आहे की.

मुलगा : कुत्र्यानं दार लावलं?

आई : तुझ्या बाबांनीच शिकवलंय. वारा सुटला की वाळू उडून शिडांत जायची. मग हे आत गेले, की हा बाहेरून दाराला धडक द्यायचा. दार बंद, कडी आपोआप खाली.

मुलगा : आणि बाबा बाहेर कसे यायचे?

आई : शीळ घालायचे. हा धावत स्वयंपाकघरात येऊन मला ओढत न्यायचा. मी कडी काढायचे. म्हणून तर आमचा कायदा होता, दोघांनी एकदम इथं शिरायचं नाही.

मुलगा : मग तू कशाला आलीस माझ्या मागोमाग?

आई : शीड दाखवायला. तुला शीड कोणतं नि चादर कोणती, कळतं का?

मुलगा : आई, होडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येतंय! भरती आहे तोवर होडी हलली पाहिजे. पाणी ओसरलं की चिखलात बसेल ती.

आई : बसेना का.

मुलगा : मोबाइलही ओट्यावर राहिला. ‘इथं ओल लागते, बाहेर ठेव’... तूच म्हणालीस! तू मुद्दाम कोंडलंस मला.

आई : मी कशाला कोंडीन? कुत्र्यानं कोंडलं. त्याला विचार जाब.

मुलगा : थट्टा पुरे. जीव गुदमरतोय इथं. खिडकी नाही, वर एवढासा झरोका.

आई : इतक्यातच? मला तर तू त्या अकराव्या मजल्यावर कायमचं नेणार आहेस. खिडकी उघडली की तू म्हणतोस धूळ येते. दार उघडलं की सून विचारते, ‘कुठं निघालात?’ गेल्या खेपेला लिफ्टमध्ये पाय ठेवायलाही सोबत लागायची मला.

मुलगा : इथं एकटी पडलीस-बिडलीस तर? काळजी वाटते गं.

आई : वाटू दे. काळजीला कुलूप कशाला लागतं? आणि खलाशीचं काय?

मुलगा : तिथं कुत्रं चालत नाही. मित्राच्या गोदामात राहील, राखणीला.

आई : साखळीला. ह्यांनी कधी साधी दोरी लावली नाही त्याला. होडीत पुढं नाक वर करून बसायचा, आणि हे म्हणायचे, ‘मालक तो, मी नुसता सुकाणूवर.’ एकदा अंगातलं जाकीट त्याला घालून स्वतः कुडकुडत आले. मी दोघांना मिळून शिव्या हासडल्या. दोघांनी सारखीच मान खाली घातली.

मुलगा : मलाही न्यायचे. शाळा बुडवून.

आई : मला ठाऊक नव्हतं वाटतं? दप्तरात वाळू कुठून यायची?

(बाहेरून माणसाची हाक. कुत्रं जोरजोरात भुंकू लागतं.)

मुलगा : आला! अहो, इकडे! शिडांच्या खोलीत! ...ह्याच्या भुंकण्यात काही ऐकूच जात नाही. गेला का तो?

आई : जाणारच. परक्यानं होडीला हात लावलेला खलाशीला खपत नाही.

मुलगा : थांब, बाबांसारखी शीळ घालतो.

आई : ती नको घालूस. अरे, ऐक... घातलीसच!

मुलगा : ऐक, खलाशी घराकडे पळाला.

आई : मला आणायला. मी इथं. सगळं घर हुंगून येईल रिकामा.

मुलगा : आला. दाराला नाक लावून रडतोय गं. असं का करतोय?

आई : त्याला वाटतंय, हे आत आहेत.

मुलगा : आई...

आई : रड. ते गेल्यापासून कागदपत्रं केलीस, गिऱ्हाईकं आणलीस, एकदा रडला नाहीस. इथं कोण बघतंय?

(मुलगा दाराला कपाळ टेकून रडतो.)

आई : तुझ्यामागं हत्यारांची पेटी आहे. बिजागऱ्या आतून बसवल्यात. मी घरी नसले की हे स्क्रू काढून बाहेर यायचे.

मुलगा : हे आत्ता सांगतेस?

आई : आधी सांगितलं असतं, तर बसला असतास?

मुलगा : ...पाणी उतरलं असेल का?

आई : उतरतंय. ती कुरकुर ऐक. दोर सैल पडला की होडी अशीच बोलते.

मुलगा : उद्या परत भरती येईल. गिऱ्हाईकही येईल, आई.

आई : ठाऊक आहे मला. पेचकस सापडला?

मुलगा : सापडला. जरा सरक. मलाही टेकू दे शिडावर.